घंटा उतरवणाऱ्या सुनंदा मॅडम

सांगलीच्या वैद्यकीय महाविद्यालयात मी शिकवायला रुजू झालो, तेव्हा सुनंदा मॅडम शरीरक्रियाशास्त्र विभागाच्या प्रमुख होत्या. माझं पहिलं व्याख्यान त्यांनी मागच्या बाकावर बसून ऐकलं, मग चहा पाजला आणि म्हणाल्या, "छान बोललात. पुढच्या वेळी निम्मं वगळा." मला राग आला होता, हे आज सांगायला हरकत नाही.

मेंदूतल्या अवरोधक पेशी हा मॅडमच्या अभ्यासाचा विषय. या पेशी इतर पेशींना गप्प बसवतात. "लग्नघरात नवऱ्याची हाक ऐकू येते, कारण बाकीचा गलका मेंदूनं दाबून ठेवलेला असतो," असं त्या वर्गात समजावत.

जतकडचे मेंढपाळ माळाप्पा डोक्याला मार लागून आमच्या रुग्णालयात राहून गेले होते. जखम भरली, पण रानात त्यांचं लक्ष ठरेना, मेंढ्या चुकू लागल्या. त्यांचं लक्ष जावं म्हणून घरच्यांनी कळपातल्या प्रत्येक जनावराच्या गळ्यात घंटा बांधली. त्यानं त्रास वाढला. थोरले भाऊ त्यांना पुन्हा घेऊन आले, तेव्हा आम्ही मॅडमनाही बोलावून घेतलं.

"आवं बाई, ह्यो लयच बावचळलाय. आता कळप मीच वळतो. ह्यानं घरी बसावं."

माळाप्पा खाली बघत म्हणाले, "मेंढरांबिगर मला जमायचं न्हाई."

आम्ही डॉक्टर मंडळी औषधांची चर्चा करत होतो. मॅडमनी विचारलं, "कळपाच्या पुढं कोण चालतं?"

"बोकड," माळाप्पा म्हणाले.

"त्याची घंटा ठेवा. बाकीच्या उतरवा."

भाऊ हसले, आमच्यातलेही एकदोघं हसले. मॅडम शांतपणे म्हणाल्या, "नको ते आवाज दाबायची ताकद मारानं कमी झालेली दिसते. ती परत येईतोवर आवाज आपण कमी करू." गुण येईलच, असं वचन त्यांनी दिलं नाही. दिवाळीपर्यंत कळप माळाप्पांकडेच राहील, सोबतीला कोणीतरी जाईल, एवढं मात्र भावांकडून कबूल करून घेतलं. पुढच्या रविवारी त्या स्वतः एसटीनं जतला गेल्या आणि घरच्यांबरोबर घंटा सोडवत बसल्या. माळाप्पांची पत्नी कानडी बोलणारी; मॅडमच्या मोडक्या कानडीवर ती पोटभर हसली म्हणे.

दिवाळीनंतर भाऊ एकटेच आले.

"माळाप्पा कुठं आहेत?" मॅडमनी विचारलं.

"रानात. कळप घिऊन एकलाच गेलाय. म्हणला, बाईंना सांग, मला यायला येळ न्हाई."

मॅडमचे डोळे भरून आले. त्यांना तसं मी तेव्हाच पाहिलं.

मॅडम आज साठ वर्षांच्या होत आहेत. त्यांना निरोगी, उदंड आयुष्य लाभो, आणि यायला वेळ नसल्याचे असे निरोप त्यांच्याकडे सतत येत राहोत.