पाणी भरून झालं की

सिद्रामअण्णा गेल्याचं कळलं तेव्हा मी नळाखाली घागर लावत होतो. त्यांचा जावई दारात उभा राहून म्हणाला, "मास्तर, अण्णा गेले..." घागर भरून वाहायला लागली, तरी नळ बंद करायचं मला सुचलं नाही. विधानसभेच्या मतदानाला तेव्हा अठरा दिवस उरले होते. त्यालाही आता दीड महिना होऊन गेला.

अण्णा मूळचे मोहोळकडचे. एसटीत वाहक होते. निवृत्त झाल्यावर सोलापुरात आमच्या गल्लीत राहायला आले आणि एका पक्षाचं काम त्यांनी अंगावर घेतलं. मी शाळामास्तर, आणि माझं मत कायम त्यांच्या विरोधातल्या पक्षाला. त्यावरून आम्ही पंचवीस वर्षं भांडलो. चहा गार व्हायचा तरी मुद्दा संपायचा नाही. मतदानाच्या दिवशी कानावर पेन्सिल, काखेत मतदारयादी अशी त्यांची स्वारी सकाळपासून गल्लीत फिरायची. ज्याच्या त्याच्या नावापुढं बारीक अक्षरात काहीतरी खरडायचे. मी एक नंबरचा आळशी. आमच्याकडं पाणी चार-पाच दिवसांतून एकदा, आणि नेमकं मतदानाच्या दिवशी ते हमखास यायचं. तेवढं निमित्त मला पुरायचं. दुपार टळली की अण्णा दारात हजर.

"मास्तर, उठा की. पाच वाजाय आले."

"अहो, माझं मत तुमच्याविरुद्ध आहे. मला कशाला नेताय?"

"ते मला ठावं हाय. पर पाशिंजर मागं ठिवून गाडी हलवायची सवय न्हाय मला. चला."

आणि माझी शेवटची बादली स्वतः उचलून आत नेऊन ठेवायचे. निकालाच्या दिवशी मात्र बैठक त्यांच्याच घरी, टीव्हीसमोर. फेरीमागून फेरी व्हायची आणि त्यांचा उमेदवार दरवेळी पडायचा. वहिनी कडक भाकरी अन् शेंगाचटणी पुढं ठेवायच्या, मी निर्लज्जासारखा दोन घास जास्तच खायचो. चिडवण्यात तर कधी कमी केलं नाही. आता वाटतं, एखाद्या वेळी गप्प बसायला हवं होतं...

यंदाही मतदानाच्या दिवशी पाणी आलं. ते भरून, चपला घालून मी ओट्यावर बसून राहिलो. कुणाची वाट बघतोय हे माझं मला कळत होतं. शेवटी सहाला वीस मिनिटं कमी असताना एकटाच गेलो. आणि निकाल लागला तर अण्णांचा उमेदवार निवडून आलेला! हलगी वाजवत मिरवणूक गल्लीतून गेली, गुलाल आमच्या उंबऱ्यापर्यंत उडाला. माझा पक्ष हरला होता, तरी मला आनंद झाला आणि पाठोपाठ रडू फुटलं. हे बघायला अण्णा हवे होते.

पेढ्यांचा पुडा घेऊन मी त्यांच्या घरी गेलो. वहिनींनी त्यांच्या उशाखाली सापडलेली यंदाची यादी माझ्या हातात दिली. "आजारपणातबी हेच चाललं हुतं त्यांचं," त्या म्हणाल्या. मी माझं नाव शोधलं. पुढं पेन्सिलीनं लिहिलं होतं, 'मास्तर. मत आपलं नाही. पाणी भरून झालं की आणायला जाणे.'

यादी आता माझ्या टेबलावर असते. अण्णा, पाणी केव्हाच भरून झालंय...