झिऱ्यात बसलेली आक्का

‘बोलू नका गं, पानी लाजतं,’ असं म्हणून आक्का ओठांवर बोट ठेवायची आणि रांगेतल्या आम्ही सगळ्या बडबड्या बाया गप्प व्हायचो. पाणी लाजतं हा शोध तिचा एकटीचा. आम्ही तोंड मिटल्यानं पाणी जास्त यायचं असं काही नाही, पण तिला म्हणे त्याची चाहूल लागायची. मला कधीच लागली नाही. मला आपले मागच्या म्हातारीचे उसासे ऐकू यायचे.

बहात्तरचा दुष्काळ ज्यांनी काढला त्यांना झिरा म्हणजे काय ते सांगायला नको. बाकीच्यांसाठी सांगते. तिसगावच्या पुढं आमचं गाव. विहिरींनी तळ दाखवल्यावर लोकांनी कोरड्या ओढ्याच्या वाळूत खोल खड्डे घेतले, तेच झिरे. एकीनं खाली उतरून बसायचं आणि तळाशी झिरपलेलं पाणी वाटीवाटीनं हंड्यात भरायचं. भांडणं नकोत म्हणून गावानं नियम केला होता. बसली तिला हंडा भरेपर्यंत कुणी उठवायचं नाही. पण ती आपण होऊन उठली, तर तिची पाळी गेली. मग तिनं पुन्हा रांगेच्या शेपटाला जायचं. त्यामुळं झिऱ्यात बसलेली बाई विंचू निघाला तरी जागची हलत नसे.

आक्का आमची शेजारीण. दोन्ही घरांना भिंत एकच. भावंडांत थोरली म्हणून सगळी आळी तिला आक्का म्हणायची, वय मात्र सोळा-सतरा, माझ्याहून जरा मोठी. दिवसा आम्ही दोघी दुष्काळी कामावर खडी फोडायचो. ती दगडांशी भांडायची. ‘तुला काय मीच घावले का रं?’ असं विचारून हातोडा घालायची. कामावर सुकडी, म्हणजे गूळ घातलेलं कोरडं पीठ, मिळायची ती पदरात बांधून धाकट्यांसाठी घरी न्यायची आणि वर मला म्हणायची, ‘मला न्हाई आवडत गं, लई गोड असती.’ खोटारडी. गुळासाठी जीव टाकायची ती.

तिला बघायला पाहुणे आले तो दिवस आठवला की मला अजून हसू येतं. कोल्हारची माणसं होती, मामानं जुळवून आणलेली. ती त्या वेळी झिऱ्यात. मी पळत गेले आणि काठावरून ओरडले, ‘आक्का, ऊठ, पाव्हणे आलेत.’

‘मग बसू दे की,’ ती खालून म्हणाली. ‘आत्ता उठले तर त्यास्नी च्या कशाचा करू?’

मी पुन्हा घरी, पुन्हा ओढ्यात. तिची आई कपाळावर हात मारून घेत होती. शेवटी मुलाची आईच उठली, ओढ्यात आली आणि झिऱ्याच्या काठावर बसून तिनं मुलगी पाहून घेतली. वरून दिसणार काय, तर भांग आणि वाटी धरलेला हात. पण बाईला पोर पसंत पडली. ‘आमच्याकडं नदी हाय, पोरी,’ ती म्हणाली. ‘तुला असं बसावं लागायचं न्हाई.’ आक्कानं मान वर करून त्या बाईकडं असं पाहिलं की जणू तिनं सोन्याची खाण सांगितली.

तिच्या वडिलांनीही दुसरं काही विचारलं नाही. नवरा किती शिकला, शेत किती, काही नाही. ‘पानी बारमाही हाय ना?’ एवढंच. ते म्हणायचे, ‘एक तरी लेकरू ह्यातनं निघू दे.’ आमच्या गावात त्या वर्षी आई-बापांचं मागणं तेवढंच होतं.

माघात लग्न झालं. वऱ्हाडाच्या ट्रकमधून नवऱ्याकडच्यांनी पिंपं भरून पाणी आणलं होतं. मांडवात लोक नवरीआधी पिंपं बघत होते. गावानं त्या पंगतीत जेवणापेक्षा पाणीच जास्त घेतलं, आणि कोल्हारच्या माणसांनीही वाढताना हात आखडला नाही. आक्का निघून गेली आणि मी आमच्या झिऱ्यावर एकटी पडले. वाईट वाटलं, पण मनापासून बरंही वाटलं. आपल्यातली एक सुटली, असं वाटलं.

पाडव्याला ती माहेरी आली. अंगानं भरली होती, केसांना तेल, टाचा मऊ. मला भिंतीआड ओढून कानात म्हणाली, ‘मी तिथं रोज अंघूळ करते. कुनाला सांगू नको हं.’ आणि चोरी केल्यासारखी रडायला लागली.

सासूनं मात्र तिच्या आईकडं गमतीगमतीत तिची तक्रार केली होती. दुष्काळ नदीलाही होता. वरच्या धरणातून पाणी सोडलं की पात्र भरायचं, मधल्या दिवसांत नुसतं वाळवंट. घरच्या विहिरीला पाणी होतं. तरी ही बाई हंडा घेऊन पात्रात उतरायची आणि झिरा खणून बसायची. जावा हसायच्या. ‘हिरीचं मचूळ लागतं,’ ती मला म्हणाली. ‘वाळूतलं आपल्यासारखं लागतं. तिथं बसलं की तुमी सगळ्या वर रांगंत उभ्या हायसा असं वाटतं.’ मी तिला वेड्यात काढलं. दुसरं काय करणार?

वैशाखात एका सकाळी तिचा दीर एसटीतून उतरला. त्यानं भाकरीला नको म्हटलं, पाण्यालाही नको म्हटलं, तेव्हाच आम्ही काय ते ओळखलं.

वरून पाणी सुटलं होतं. नदीकाठच्या माणसांना त्याची सवय असते. काठावरून हाका सुरू झाल्या की बाया-जनावरं पात्रातून वर येतात. तीही आली. थोरल्या जावेनं तिचा हात धरून तिला चढावर आणलं होतं. तिथं उभं राहून तिनं मागं पाहिलं. हंडा खाली झिऱ्याशी राहिला होता. जाऊ म्हणाली, ‘जाऊ दे तो हंडा.’ ती म्हणाली, ‘भरलेला हाय वं, जाऊबाई,’ आणि हात सोडवून खाली पळाली.

नदीवर वाढलेल्या पोरीनं हंडा सोडला असता. पाणी धावत येतं हे आमच्यातल्या कुणी आयुष्यात पाहिलंच नव्हतं. आमच्या लेखी पाणी म्हणजे तास तास बसून वाटीत यायचं ते. पोहणं तर आम्हाला कोण शिकवणार होतं? दीर सांगत होता आणि तिचे वडील त्याला पुन्हा पुन्हा एकच विचारत होते, ‘हिरीला पानी हुतं ना? घरच्या हिरीला हुतं ना?’ त्यानं प्रत्येक वेळी ‘व्हय’ म्हटलं.

तिचं सगळं तिकडंच उरकलं. दहावा झाला आणि घरातलं पाणी संपलं. दुःख असो की काही असो, पाणी भरावंच लागतं. तिची आई हंडा घेऊन ओढ्यात आली. रांगेतल्या बायांनी तिला पुढं सोडलं. ती झिऱ्यात उतरली, वाटी हातात धरून बसली आणि तशीच बसून राहिली. तळाशी पाणी साचत गेलं, तिच्या पावलांवर आलं. वरती सगळ्यांच्या घागरी रिकाम्या, लेकरं घरी तहानलेली, पण कुणीही तिला ‘भर’ म्हणालं नाही.

बऱ्याच वेळानं मी खाली उतरले. तिच्या हातातली वाटी घेतली आणि हंडा भरला. ती हंड्याकडं बघत राहिली. दोघी-तिघींनी वरून हात दिले, मी खालून आधार दिला, आणि आम्ही तिला ओढ्यातून वर काढून घरी नेलं. रांगेतल्या साऱ्या बाया आमच्या मागून आल्या. भरलेला हंडा खाली झिऱ्यातच राहिला. त्या दिवशी तो आणायला कुणी उतरलं नाही.