बाबांनी पाहिलेला बुळबुळीत थर

बाबा ऊर्जानगरला वीजकेंद्रात पाण्याचे पाइप साफ करायचे. आतला बुळबुळीत थर कितीही घासला तरी पुन्हा धरायचा. मायक्रोबायोलॉजी शिकत असताना मी त्याच पाण्यात आठवडाभर काचपट्टी बुडवून ठेवली, जांभळ्या रंगानं रंगवली आणि बाबांना कॉलेजात नेऊन सूक्ष्मदर्शकाखाली दाखवली.

"हे जिवाणू आहेत, बाबा. सोताच चिकट पदार्थ सोडतात अन् त्यात एकमेकाले धरून राहतात. याले बायोफिल्म म्हणतात."

बाबा बराच वेळ डोळा लावून होते. "म्हणून निघत नाई होय! मोहल्लाच वसवला यायनं."

परतताना बसमध्ये त्यांनी शेजारच्या अनोळखी माणसाला सगळं सांगितलं. "माह्या पोरीनं दाखवलं," हेही. तो उतरून गेल्यावर ते मलाच पुन्हा सांगू लागले, आणि मीही पहिल्यांदाच ऐकल्यासारखी ऐकत राहिले.