रथसप्तमीपर्यंत

शैला गेल्याचा फोन आला तेव्हा बाहेर इतकं धुकं होतं की समोरची बिल्डिंगही दिसत नव्हती. तिचा मुलगा निखिल म्हणाला, “मावशी, आई गेली. झोपेतच.” गाझियाबादहून तिच्या घरी पोचेपर्यंत मी रडले नाही. तिच्या उशाशी बसले, चेहऱ्याकडे पाहिलं आणि पहिला विचार मनात आला तो असा की, डावा डोळासुद्धा मिटलाय. इतक्या वर्षांत तो डोळा पूर्ण मिटलेला मी पाहिला नव्हता. कुणीतरी हलक्या हातानं मिटवला असणार... मग मात्र मला आवरेना. स्मृतिलेखात राग नसावा असा संकेत आहे म्हणतात. असेल. मी तो पाळणार नाही.

आम्ही दोघी एकाच सरकारी ऑफिसात होतो आणि सरकारी क्वार्टरमध्ये शेजारी. शैला आमच्या महाराष्ट्र मंडळाच्या गणेशोत्सवातली हुकमी नटी. संवाद विसरली तर नुसता ओठांचा एक कोपरा वर उचलायची आणि अख्खा हॉल हसायचा. मग तिच्या डाव्या कानाखाली सुपारीएवढी गाठ आली. दुखत नव्हती, नुसती होती. मोठ्या सरकारी हॉस्पिटलात तिला ऑपरेशनची तारीखही मिळाली होती. पण मंडळातले सगळे म्हणाले, “अहो, आपला मराठी सर्जन असताना लाईनीत कशाला उभ्या राहता?” दिल्लीत राहणाऱ्या मराठी माणसाची ही खोडच आहे. एरवी भाजीवाल्याशी चार आण्यांसाठी हुज्जत घालेल, पण समोरच्यानं ‘काय वहिनी, कशा आहात’ म्हटलं की मान पुढे करून मोकळा. या सर्जनांनी नोएडात नुकतंच स्वतःचं हॉस्पिटल काढलं होतं. आजूबाजूला आखून ठेवलेली सेक्टरं, मोहरीची शेतं आणि मध्येच ती काचेची इमारत. उद्घाटनाची आरती शैलानंच म्हटली होती.

तिथल्या ऑपरेशननंतर पट्टी सुटली तेव्हा चेहऱ्याची डावी बाजू कुणी दुसऱ्याची असावी तशी लोंबत होती. डोळा मिटेना, पाणी प्यायली की ओठातून गळायचं, ‘प’ आणि ‘ब’ म्हणताना नुसती हवा निसटायची. सर्जन म्हणाले, “वहिनी, नसेला थोडी सूज आहे. सहा महिन्यांत बिल्कुल नॉर्मल.” सहा महिने झाल्यावर पुन्हा तेच, “थोडा धीर धरा.” ती रोज डोळ्याला पट्टी चिकटवून झोपायची आणि धीर धरायची. शेवटी मीच तिला त्या जुन्या सरकारी हॉस्पिटलात ओढत नेलं. तिथल्या तरुण डॉक्टरीणबाईंनी स्वतःच्या गालावर पंजा पसरून दाखवला. चेहऱ्याची नस कानाखालून बाहेर येते, लाळेच्या ग्रंथीतून अशी गालभर पसरते. आधी ती शोधायची असते, मग गाठीला हात लावायचा. “ये सूजन नहीं है,” त्या म्हणाल्या. “नर्व कटी हुई है. उसी वक़्त बता देते तो सिरे जोड़ देते.” शैलानं एकच विचारलं, “उनको पता चला होगा?” बाई खाली बघून फाईल मिटू लागल्या. ते उत्तर पुरेसं होतं.

त्यांनी मग जिभेची नस घेऊन चेहऱ्याच्या नसेला जोडली. त्यानंतर शैलाला हसायचं असलं की जीभ खालच्या दातांवर दाबावी लागे, तेव्हा कुठे डावा कोपरा जरासा उचलला जाई. तिच्या ओट्यावर तिळगुळाचा एक चकचकीत स्टीलचा डबा असायचा. त्याच्या झाकणात बघून ती हसण्याची प्रॅक्टिस करायची. माझ्यासारखी शेजारीण स्वयंपाकघरात आली की म्हणायची, “बघ यार, निम्मी तरी परत आले.” अर्धी जीभ मात्र वाळली. लाडू त्या बाजूला अडकून बसे, बोटानं काढावा लागे. म्हणून तिनं तिळगूळ खाणं सोडलं. करणं सोडलं नाही.

तिचा नवरा म्हणायचा, “जाऊ दे, आपलाच माणूस आहे.” शैला म्हणाली, “आपलाच आहे ना? मग तिळगूळ द्यायला जायलाच हवं.” तेव्हापासून दर संक्रांतीला आम्ही दोघी नोएडाला जायचो. ती ओपीडीत पहिल्या बाकावर बसायची, उजेडाकडे तोंड करून. शेजारी बसलेल्या पेशंटबाईला विचारायची, “आपको भी गाँठ है? मुझे भी थी. देखिए, हँसके दिखाती हूँ.” सर्जन बाहेर आले की भर गर्दीत उठायची, डबा पुढे करायची. “तिळगूळ घ्या, खरं बोला.” तिळगुळाला नाही म्हणता येत नाही. ते घ्यायचे, चावायचे, घाम पुसायचे. मला ते बघायला फार आवडायचं, खोटं कशाला सांगू! एका वर्षी ते संक्रांतीला गावाला निघून गेले. शैला शांतपणे म्हणाली, “जाऊ दे की. रथसप्तमीपर्यंत चालतो तिळगूळ.” आणि गेलो आम्ही.

एकदा त्यांनी आम्हाला आत बोलावलं आणि स्वतः उठून दार लावलं. “वहिनी, मला टेबलावरच कळलं होतं. कापली गेली माझ्याकडून. हॉस्पिटल नवं होतं... नाही सांगू शकलो. माफ करा.”

“अच्छा,” शैला म्हणाली. “आता हेच बाहेर, बाकावरच्या लोकांना सांगा. मी यायची बंद होते.”

त्यांनी दाराकडे पाहिलं आणि खाली मान घातली. परतीच्या ऑटोत मला वाटलं, हिला आता तरी हलकं वाटत असेल. ती म्हणाली, “बंद दाराआड तर मलाही माहीत होतं गं.”

मंडळाच्या शोकसभेला ते सर्जनही आले. आता म्हातारे झालेत, ऑपरेशनं मुलगा करतो, हे फक्त तपासतात. माइकवर उभे राहून म्हणाले, “शैलावहिनींचं ते प्रसन्न हसणं मी कधीच विसरू शकणार नाही.” लोकांनी डोळे पुसले. मी खुर्चीतून अर्धी उठले. पण तिच्या शोकसभेत तमाशा नको म्हणून गप्प बसले. इथेही त्यांचं नाव लिहीत नाही, तशी शैलाचीच ताकीद होती. ती म्हणायची, “नाव छापलंस तर कोर्टात जातील. नाही छापलंस तर घरी बसून कुढतील.” हा लेख छापणारी ही पुरवणी त्यांच्या घरी पेपराबरोबर येते.

शैलाचा डबा निखिलनं मला दिलाय. झाकणावर तिच्या बोटांनी घासून घासून एक गोल चकाकी आली आहे. मी त्यात बघून जीभ दातांवर दाबून पाहिली, माझा चेहरा काही हलला नाही. संक्रांत परवा झाली. त्या दिवशी ते ओपीडीत दिवसभर निवांत बसले होते, असं कळलं. सुटलो असं वाटलं असेल. काल मी तीळ भाजले, आज गूळ आणला. रथसप्तमी अजून व्हायची आहे.