पुढची सीट

दिलीप गेल्याचं कळलं तेव्हा मी जेद्दाला, शराफियाच्या बाजारात होतो. त्यानंच सांगितलेलं कोकम शोधत. आमच्या प्लान्टमधल्या एकाचा फोन आला, "दिलीपभाई नहीं रहे…" दुकानदार कोकमाची पिशवी पुढे करून उभा होता. यान्बूला, आमच्या नोकरीच्या गावी, परतलो तर त्याच्या इमारतीखाली त्याची गाडी नेहमीसारखी, पोट जमिनीला टेकल्यागत बसलेली.

त्या गाडीशिवाय दिलीप सांगताच येणार नाही. आम्ही सगळे जपानी गाड्या घेऊन मोकळे झालो होतो. यानं कुठून तरी एक म्हातारी फ्रेंच सीएक्स पैदा केली. सुरू केली की आधी मागून, मग पुढून उठायची, अगदी म्हशीसारखी. तावडीत सापडेल त्याला हा कंपनीचा इतिहास ऐकवायचा. संस्थापक आधी गिअर बनवायचा, त्या दात्यांचा आकार म्हणजेच बॉनेटवरचं चिन्ह. मग शेतकऱ्यांसाठी छोटी टू सीव्ही. अट अशी, की नांगरलेल्या शेतातून अंडी नेली तरी फुटता कामा नयेत. मग स्प्रिंगांऐवजी तेल आणि गॅसवर तरंगणारी डीएस आणि तिच्यानंतर ही. एका शुक्रवारी त्यानं मागच्या सीटवर अंड्यांचा ट्रे ठेवून कॉलनीतले सगळे गतिरोधक पालथे घातले. एकही फुटलं नाही.

"दिल्या, झाली परीक्षा. आता आम्लेट कर," मी म्हणालो.

पुढच्या सीटवर मात्र तो कुणाला बसू द्यायचा नाही. "मी काय शेठ आहे मागे बसायला?" मी वैतागायचो. तो हसायचा. एकदाच म्हणाला, "ती सुनंदाची जागा आहे रे."

सुनंदावहिनी नाशिकला. मणक्याचं दुखणं, रिक्षा एका खड्ड्यात गेली की आठवडाभर अंथरुणात. त्यांना इथे आणायचं, समुद्राकाठानं जेद्दापर्यंत न्यायचं, एक हादरा लागू द्यायचा नाही, यासाठी तो सगळा खटाटोप. आधी मुलीची बारावी आली, मग त्याच्या आईचं आजारपण, मग वहिनींचंच ऑपरेशन. "पुढच्या हिवाळ्यात नक्की," तो म्हणायचा आणि गाडी पुसायचा. मला दोघांचाही राग येतो, खरं सांगतो. विमानानं काही तासांचं अंतर… आणि ते राहूनच गेलं.

आता गाडीला हाइल शहरातलं गिऱ्हाईक आलं आहे. वहिनींना कळवलं, तर म्हणाल्या, "भाऊजी, द्यायच्या आधी मला एकदा दाखवाल?"

मी व्हिडिओ कॉल लावला. समोरची काच दिसेल असा फोन पुढच्या सीटवर टेकवला. का कोण जाणे, पट्टाही लावला. किल्ली फिरवली.

"उठली!" वहिनी म्हणाल्या.

गाडी हळूहळू कॉलनीच्या फाटकापर्यंत नेली. बाहेर पडलो तशा त्या म्हणाल्या, "हे अंड्यांचं सांगायचे ना… तसा गतिरोधक कधी येणार?"

"मघाशीच गेला, वहिनी."

"कळलंच नाही हो मला," त्या म्हणाल्या आणि रडू लागल्या. मी फोन तसाच राहू दिला आणि गाडी समुद्राच्या रस्त्याला घातली.