तिसऱ्या बाकावरचा मोबाइल

आमच्या गुरुजींइतका मोबाइलला माणसासारखं वागवणारा माणूस उभ्या केज तालुक्यात शोधून सापडायचा नाही. आमची शाळा आठवीपर्यंतची. शिकवणारे आम्ही चौघं, त्यांत गुरुजी सगळ्यांत थोरले आणि मी सगळ्यांत धाकटी. निवृत्तीला वर्ष उरलं की मास्तर लोक पेन्शनचे कागद जुळवायला लागतात. या गृहस्थांना नेमका तेव्हा व्हिडिओ कॉलचा शोध लागला. "बाई, ह्यातून पोरगं कुठं बी असलं तरी वर्गात बसवता येतंय," असं म्हणत ते मोबाइल माझ्या नाकापुढं धरायचे, जणू रात्रभर जागून त्यांनीच तो घरी बनवला होता.

दिवाळी झाली की आमचा निम्मा वर्ग आईबापांबरोबर ऊसतोडीला जातो. त्या वर्षी सातवीतली सारिकाही निघाली, धाकट्या भावाला सांभाळायला. पोरगी हुशार, तोंडाचा पट्टा अखंड चालू. गुरुजींनी आपला जुना मोबाइल तिच्या हातात दिला आणि बजावलं, "तू तिकडं, आमी इकडं. पर शाळा बुडवायची न्हाई." इकडे स्वतःचा मोबाइल त्यांनी तिच्याच जागेवर, खिडकीजवळच्या तिसऱ्या बाकावर, कंपासपेटीला टेकवून बसवला. नशीब असं, की अख्ख्या शाळेत रेंज तेवढी त्याच बाकाला यायची.

रोज प्रार्थनेनंतर हजेरी व्हायची. "सारिका?" असं गुरुजींनी म्हटलं की मोबाइलमधून आवाज यायचा, "हजर, गुरुजी!" फार बडबड केली तर गुरुजी मोबाइलला कोपऱ्यात भिंतीकडं तोंड करून उभं करायचे. "गुरुजी, काईच दिसंना!" "शिक्षेत दिसत नसतंय!" खिचडी वाटताना मोबाइलपुढंही ताटली ठेवली जायची; बाकीच्यांनी खायचं आणि तिनं नुसतं बघायचं हे गुरुजींना पटत नव्हतं. एकदा भूगोलाच्या तासाला सारिकानं तिकडचा भरून वाहणारा कालवा दाखवला, तर सगळा वर्ग बाकांवर उभा राहिला. दिवाळीनंतर एवढं पाणी आमच्या पोरांनी पाहिलंच नव्हतं. केंद्रप्रमुख आले, त्यांनी डोकी मोजली आणि म्हणाले, "एकोणीस." गुरुजी शांतपणे म्हणाले, "वीस, साहेब. परत मोजा." मला कधी कधी त्यांचा वैताग यायचा. आता त्या वैतागाची लाज वाटते.

तिकडे कोपीपुढं, म्हणजे पाचटाच्या त्या खोपटापुढं, सारिका मोबाइल बैलगाडीला टेकवून उभी राहायची. गुरुजी इकडून ओरडायचे, "तोंडातल्या तोंडात का बोलतीस? मोठ्यानं बोल! लांबवर ऐकू गेलं पायजे!" मग ती पाढे, कविता, गणितं असं काही खणखणीत म्हणायची, की शेजारच्या कोप्यांतल्या बायका तिच्याभोवती जमायच्या. त्यांना पडद्यावर पाहून गुरुजींची छाती फुगायची. "बघा बाई, तिकडं बी शाळा भरती!"

माघात एक दिवस 'हजर' आलं नाही. रिंग वाजून वाजून थांबली. चौथ्या दिवशी बापानं फोन उचलला. आवाजात आनंद मावत नव्हता. "गुरुजी, पोरीचं जमलं. परवा लगीन हाय. शेजारच्या टोळीतली बाई रोज बघत व्हती तिला तुमच्यासंगं बोलताना. म्हणली, अशीच हुशार सून पायजे. लई उपकार झाले तुमचे."

गुरुजींनी लगेच बालविवाह रोखणाऱ्या हेल्पलाइनला कळवलं आणि मिळेल ती एसटी धरली. ते पोचले तेव्हा अक्षता ठरल्या दिवसाच्या आदल्याच दिवशी उरकून घेतल्या होत्या. सासरची टोळी पुढच्या उसाच्या फडावर निघून गेली होती. बापानं जुना मोबाइल फडक्यात नीट गुंडाळून परत दिला आणि वर चहा पाजला.

परत आल्यावर ते माझ्याशी एवढंच बोलले, "बाई, मीच तिला मोठ्यानं बोल म्हणत व्हतो." त्यानंतर वर्गात त्यांचा आवाज कधी चढला नाही. पण रोज सकाळी मोबाइल तिसऱ्या बाकावर बसायचा, हजेरीत सारिकाचं नाव यायचं, आणि गुरुजी जरा वेळ थांबून पुढचं नाव घ्यायचे. एवढा वात्रट वर्ग, पण त्या वेळी कुणी हसलं नाही.

मे महिन्यात ते निवृत्त झाले. हार, नारळ, शाल घेऊन झाल्यावर त्यांनी सिमकार्डासकट तो मोबाइल माझ्या हातात ठेवला. "नंबर तिला पाठ हाय. तेवढा चार्ज करीत जा, बाई."

जूनमध्ये तोच वर्ग आठवीत माझ्याकडे आला. पहिल्या दिवशी मी मोबाइल खिडकीजवळ ठेवला आणि नव्या हजेरीपटावरची नावं घेतली. त्यात सारिकाचं नाव नव्हतंच. मी पट मिटणार, तेवढ्यात मागून एक मुलगी म्हणाली, "बाई, सारिका राहिली."

मी तिचं नाव घेतलं. गुरुजी थांबायचे तेवढा वेळ थांबले, आणि मग पट मिटला.