पहिल्या ओळीतला श्री

अशी जवळ ये, मयुरी. दारात उभं राहून "मावशी, तुझ्या क्लासात काय झालं गं" असं विचारतात होय? मागच्या वेळी चहा न घेता पळालीस, सख्ख्या मावशीकडे ही रीत? बस, सांगते. मी माझ्याच हॉलमध्ये, टाळ्यांच्या गजरात, माझ्या दिवंगत दिरांचा अख्खा शेवटचा हंगाम पुसून टाकला.

तुला ठाऊकच आहे, मी कॉम्प्युटर शिकले तो व्हिडिओ बघून. त्यातला मुलगा हिंदीत समजावायचा, मी त्याला मराठीत बोल लावायची, असं करत करत प्रोग्रॅम लिहायला लागले. इथं नाशिक रोडला आमच्या कॉलनीत तेवढंही कुणाला येत नव्हतं, म्हणून मीच हॉलमध्ये क्लास काढला आणि शिकवणारी बाई झाले.

क्लास म्हणजे नुसता सावळा गोंधळ. एका टोकाला माझी पुतणी मीनल, शेतकीत पीएचडी करणारी, तिला माझ्याहून जास्त येतं (ती शिकायला नव्हे, आईला घराबाहेर काढायला दर रविवारी चांदवडहून यायची). दुसऱ्या टोकाला तिची आई, म्हणजे माझी धाकटी जाऊ शोभा. तिनं पहिल्या दिवशी माउस दोन्ही हातांनी धरला होता, निसटेल म्हणून. आणि मधे शेजारचे सोनवणे, रिटायर्ड हेडक्लार्क. एकीला आलेख काढायचा, एकीला कर्सर सापडत नाही! मग मी ठरवलं, सगळ्यांना समजेल अशा एकाच गोष्टीवर शिकवायचं. मीनलच्या कांद्यावर.

चांदवडला त्यांच्या शेतावरच्या कांदाचाळीत साठवलेला कांदा कसा सडत जातो, हा तिचा अभ्यास. रोजची एक फाइल. तापमान, ओलावा, वजन आणि शेवटी एक शेरा. हे सगळं भाऊजी करायचे, तिचे वडील. डॉक्टरांनी शेतात जायला बंदी केली होती, चाळीत बसायला नव्हती. तिथं खुर्ची टाकून, मांडीवर मीनलचा लॅपटॉप घेऊन, एका बोटानं टाइप करायचे. "खालच्या थराला वास." "आज वजन घटलं. कांद्याचंही, माझंही." हंगाम संपला आणि पाठोपाठ तेही गेले.

तर मीनलचा तो लॅपटॉप जोडून त्या फाइली मी टीव्हीवर दाखवल्या. सोनवण्यांनी चष्मा सारखा केला.

"वहिनी, वर श्री नाही."

"डेटा आहे तो, सोनवणे."

"कागद कुठलाही असो, आधी श्री. आमच्या हाफिसात श्रीशिवाय रजेचा अर्जसुद्धा पुढे सरकत नसे."

शोभानं मान हलवली. "खरंय त्यांचं. ह्यांनी घाईत सुरू केलं आसंल."

झालं, मला चेव आला. एकेका फाइलवर कशाला लिहायचं? लूप शिकवते ना! सगळ्या फाइलींच्या पहिल्या ओळीत एका दमात श्री. मीनल स्वयंपाकघरात चहा टाकत होती. तिथून ओरडली, "मोठी आई, आधी कॉपी केली ना?" मी म्हटलं, "हो हो." (स्वयंपाकघरातून आलेल्या कुठल्याही प्रश्नाला मी हेच म्हणते.)

प्रोग्रॅम तयार झाला. मी शोभाला म्हटलं, "एंटर तू दाब. मान तुझा."

ती मागे सरली. "मला नको ताई. आता कसला मान मला? दुसऱ्या कुणाला द्या."

"माझ्या घरात असलं चालत नाही. दाब."

तिनं पदर सारखा केला, हात जोडले आणि दाबलं. सोनवण्यांनी टाळ्या वाजवल्या, मीही वाजवल्या. पहिली फाइल उघडली. श्री. दुसरी उघडली. श्री. खाली काहीच नाही.

"छान सुटसुटीत दिसतंय," सोनवणे म्हणाले.

बाई गं, प्रोग्रॅमनं फाइल लिहायला म्हणून उघडली की आधी ती रिकामी होते, हे मला माहीत होतं. पण आजवर मी नव्याच फाइली उघडत आले. नव्या फाइलीचं काय रिकामं व्हायचंय?

मीनल ट्रे घेऊन आली, टीव्हीकडे बघत उभी राहिली. कप तिनं एकेकाच्या हातात नीट दिले. मग म्हणाली, "अर्ध्या हंगामापर्यंतचे आकडे सरांकडे आहेत. पुढचे पुन्हा घेईन, वर्ष जाईल. शेरे मी कुणालाच पाठवले नव्हते, मोठी आई. सरांना फक्त आकडे लागायचे."

दुरुस्तीवाल्यानं "गेलेलं परत येणार नाही" म्हणत लॅपटॉप परत केला. शोभा जाताना एवढंच म्हणाली, "म्हून सांगत होते, मला मान देऊ नका."

ते मात्र माझ्यानं सहन होईना. बसनं चांदवड गाठलं, तिच्या ओट्यावर पातेलं घेऊन बसले. म्हटलं, "हे बघ, ह्यात नवं काही घालायला गेलं की आतलं आपोआप सांडतं, असं भांडं मी तुझ्या हातात दिलं. तुझ्या हाताचा काय दोष?"

तिनं पातेल्यात डोकावून बघितलं. "मंग चूक तुमची."

"माझीच."

"लय मोठी चूक केली ताई तुम्ही."

"हो गं."

मग ती मला जे बोलली ते तुला सांगत नाही. तासभर बोलली. भाऊजी गेल्यापासून तिला इतकं बोलताना कुणी ऐकलं नव्हतं. मीनल दाराशी उभी राहून रडत होती. मी पातेलं धरून बसले होते.

यंदा चाळ पुन्हा भरलीय. भाऊजींचे शेरे गेले ते गेलेच. आता शोभा नोंदी घेते, मीनल त्या मला पाठवते. परवा मी गेले होते, त्या दिवशीचा शोभाचा शेरा असा: "कांदा कोरडा. नाशिकची ताई आली होती. लॅपटॉप कपाटात ठेवला."

निघालीस? बरं, पण लवकर ये परत, आणि चांगली दोन दिवस राहायला ये. जागेची काळजी नको, हॉल मोकळाच असतो. हल्ली सोनवणेसुद्धा रस्त्यावरूनच नमस्कार करून पुढे जातात.